सील बराबर

११ जुलै २०२५

कंपनीने वाटलेली ही डायरी जानेवारीपासून कपाटात कोरी पडली होती. आज काढली, कारण जे लिहायचं आहे ते कोणाला तोंडाने सांगण्यासारखं नाही. परवेजला आज पुन्हा सोनेरी कार्ड निघालं.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे भोकरदन नाक्यावर त्याच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो, तर हा नवा बॉक्स घेऊन बसलेला. क्रिकेट कार्डांचा सीलबंद बॉक्स. आत चोवीस कागदी पाकिटं, प्रत्येकात सहा खेळाडू. बहुतेक कार्डं साधी असतात, एखादं सोनेरी असतं, आणि शेकडो बॉक्सांत कुठेतरी खेळाडूने स्वतः पेनाने सही केलेलं एखादं असतं. समोर एक बाई शंभर पानी वह्या मागत उभी, आणि हा टराटरा पाकिटं फाडतोय. सातव्या पाकिटात सोनेरी निघालं. लगेच फोटो काढून कार्डवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. अकोला, परभणी, थेट कोल्हापूरपर्यंतच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही अंगठ्याचं चिन्ह टाकलं. नाही टाकलं तर कारण काय सांगणार?

"बघ, तू म्हन्तो बॉक्समधून काही निघत न्हाई," तो मला म्हणाला आणि त्याच कार्डावर चहाचा कप ठेवायला निघाला. मी कप धरला म्हणून वाचलं.

मी बीज तपासणीच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं काढली. कोणत्या ढिगातून किती दाणे काढले म्हणजे काय हाती लागतं हे मला कोणी शिकवायची गरज नाही. बॉक्स फोडणं म्हणजे पैसे कचऱ्यात टाकणं. मी एकही बॉक्स फोडत नाही. मी एकाच कार्डासाठी पैसे साठवतो. याला शिस्त म्हणतात. पण शिस्तीला टाळ्या पडत नाहीत.

१४ जुलै

ते एक कार्ड कोणतं, हे इथे लिहून ठेवतो. माऊली गाडेकर, केदारखेड्याचा डावखुरा फिरकी गोलंदाज. लीगमध्ये दोनच हंगाम खेळला, पण खेळला. त्याच्या सहीची पंचवीसच कार्डं निघाली, प्रत्येकावर नंबर. त्यातलं अकरा नंबरचं पुण्यातल्या एका माणसाकडे आहे. तो चाळीस हजार म्हणतो. तीन वर्षांच्या ओव्हरटाइममधून माझ्याकडे एकतीस झालेत.

माऊली आणि मी एकाच गावचे. तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. शाळेमागच्या मैदानात त्याला चेंडू धरायला मी शिकवलं. बोटांच्या मागून हळू सुटणारा तो चेंडू माझा होता. निवड चाचणीला आम्ही दोघं एकाच जीपने गेलो आणि तो एकटा निवडला गेला. मला त्याचं काही वाटत नाही. जिल्ह्याचा पोरगा मोठा झाला, अभिमान आहे, म्हणून कार्ड पाहिजे.

दैवशालाला हे पटत नाही. आज भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, त्या माऊलीचं कार्ड आणून करनार काय? त्याच्यावर तुमचं तोंड येनार हाय का?"

बायकांना छंद कळत नाहीत.

२ ऑगस्ट

आज सत्यशीला मॅडमनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. त्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. बाहेरून तपासणीला आलेला नमुना उघडला की चिठ्ठी भरायची असते: नमुना कोणता, उघडणारा कोण, तारीख, कारण. मग पुन्हा सील करून कोणत्या यंत्रावर केलं ते लिहायचं, आणि ज्याच्या ताब्यात द्यायचा त्याची सही घ्यायची. नव्या लोकांच्या चिठ्ठ्या अर्ध्या रिकाम्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "रामप्रसादच्या चिठ्ठ्या बघा. एकोणीस वर्षांत एक रकाना कोरा नाही."

बरं वाटलं. पण अशा गोष्टीचा फोटो काढून ग्रुपवर टाकता येत नाही.

येताना परवेजच्या अम्मीसाठी, मैमूना चाचीसाठी, भेंडीचं बी घेऊन गेलो. शिल्लक राहिलेल्या बियांची छोटी पाकिटं मी दरवर्षी तिला देतो. घराच्या गच्चीवर ती डब्यांत भेंडी लावते. डोळ्यात मोतीबिंदू, तरी पाकिटावरून बोट फिरवून म्हणाली, "ये तेरी मशीन का है ना, चार नंबर? बराबर उगता है तेरा." माझं पाकीट ती स्पर्शाने ओळखते. परवेजला मात्र त्या क्षणी ग्रुपवर कोणीतरी 'किस्मतवाला' म्हटलं होतं, तेच तो तिला तीनदा वाचून दाखवत होता.

१९ ऑगस्ट

पुण्याच्या माणसाने कार्ड विकलं. कोणा सुरतच्या माणसाला, पंचेचाळीसला. मला साधा फोनसुद्धा केला नाही. तीन वर्षं. जेवलो नाही.

२२ ऑगस्ट

पोळ्याची सुट्टी. परवेजकडे जाऊन बसलो. त्याला सगळं कळलं होतं. म्हणाला, "तुझं डोकं फिरवून घेऊ नको. एक बॉक्स आपन दोघं मिळून घेऊ. अर्धा अर्धा. माऊलीची सही अजून सगळी बाहेर आलेली न्हाई."

मी नाही म्हणायला हवं होतं. तत्त्व होतं. पण मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला वाटलं, एकदा तरी ग्रुपवर माझ्या नावाने टाळ्या पडू देत.

मग तो म्हणाला, "आनि ऐक. माऊली निघाला तर तुझा. माझ्या पाकिटातून निघाला तरी तुझा."

हे ऐकून माझं डोकंच सटकलं. हा कोण मला दान देणारा? बॉक्स फोडून फोडून ह्याचं मन इतकं मोठं झालं का? मी म्हणालो, "बिलकुल न्हाई. ज्याच्या पाकिटातून निघंल त्याचं. बारा तुझी, बारा माझी."

"जशी तुझी मर्जी," तो म्हणाला.

२९ ऑगस्ट

बॉक्स आला. पण परवेजला घनसावंगीला जायचं आहे, बहीण आसिफाच्या पोरीची मंगनी. बुधवारी येणार. बॉक्स माझ्या हातात देत म्हणाला, "तू ठेव. दुकानात ठेवला तर माझाच हात शिवशिवंल. तुझ्याकडं असला की मी बेफिकीर."

घरी नेला तर दैवशाला पैशाचं विचारणार. म्हणून प्रयोगशाळेत नेला. कोरड्या खोलीत ठेवावा तर तिथे प्रत्येक वस्तूची नोंद होते. शेवटी मागच्या उगवण खोलीत, खालच्या फळीवर, ओल्या कागदात गुंडाळलेल्या हरभऱ्याच्या नमुन्यांमागे सरकवून ठेवला. तिथे माझ्याशिवाय कोणी वाकत नाही.

३० ऑगस्ट

लिहू की नको असं झालंय. पण ही डायरी याचसाठी आहे.

सहीचं कार्ड साध्यापेक्षा जाड असतं. जाड म्हणजे जड. आमच्या प्रयोगशाळेतला काटा एका तिळाचं वजन सांगतो. हे मला काल रात्री अंथरुणावर सुचलं आणि झोप गेली. परवेजला नशीब आहे, मग मला काटा आहे. त्याने दहा वर्षं नशिबाचं खाल्लं, मी एकदा अकलेचं खाल्लं तर काय बिघडलं?

आज शनिवार, अर्धा दिवस. सगळे गेल्यावर बॉक्सवरचं प्लॅस्टिक कापलं. तेवढ्यात मॅडम चष्मा विसरल्या म्हणून परत आल्या. उघडा बॉक्स तसाच उगवण खोलीत ढकलला, बाहेर येऊन खोलीचं दार लावलं. मॅडम तासभर बसल्या. मग वीज गेली, काटा बंद. आता सोमवारी.

१ सप्टेंबर

सगळ्यांच्या आधी पोचलो. चोवीस पाकिटं वजन केली. काट्याचा आकडा स्थिर व्हायला वेळ लागत होता, तो काट्याचा दोष नव्हता.

गंमत अशी की जड पाकिटं जवळजवळ सगळी वरच्या थरातली निघाली. कंपनी चांगला माल वरच ठेवत असणार. व्यापारीसुद्धा पेटीत चांगली मोसंबी वरच लावतात. जड बारा डाव्या बाजूला लावली, हलकी बारा उजव्या बाजूला. नवं प्लॅस्टिक गुंडाळून माझ्या यंत्रावर सील केलं. दोन सेकंदांचं काम. कंपनीच्या सीलपेक्षा सरळ बसलं. इतकं सरळ की मला आतून थोडं बरंही वाटलं.

बरं वाटायला नको होतं, हे कळतंय.

३ सप्टेंबर

परवेज आला. दुकानाचं शटर अर्धं खाली घेऊन बसलो. त्याने बॉक्स हातात घेतला, फिरवून पाहिला. कडेवरून अंगठा फिरवला.

"सील लई बारीक मारलंय यावेळी," तो म्हणाला. "भेंडीच्या पाकिटासारखं."

ह्याच्या डोक्यात घरची भेंडीच. पण सीलची तारीफ केली, ते खरंच होतं. मी म्हणालो, "कंपनी सुधरली असंल."

"असंल," तो म्हणाला. एरवी टराटरा फाडणारा माणूस, आज ड्रॉवरमधून कैची काढली, कडेने हळू कापलं आणि प्लॅस्टिक घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. मग बॉक्स माझ्याकडे सरकवला. "तू पयले घे. तुला पायजेत ती घे."

मी डावीकडची बारा घेतली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उजवीकडची बारा स्वतःकडे ओढली.

माझ्या बारांत काय निघालं? पाच वेळा एकच यष्टिरक्षक. एक सोनेरी, तेही कोपरा दुमडलेलं. कागद हाताला मऊ लागत होता, नव्या पाकिटासारखा कडक नव्हता.

त्याच्या अकराव्या पाकिटात माऊली होता. माऊलीची सही, निळ्या शाईत. पंचवीसातलं सतरा नंबरचं.

मला वाटलं तो ओरडेल, फोटो काढेल. त्याने कार्ड टेबलावर ठेवलं आणि मला विचारलं, "रामप्रसाद, तुला काही बोलायचंय?"

"मुबारक हो," मी म्हणालो.

"अजून काही?"

"न्हाई. ज्याचं त्याचं. ठरलं होतं आपलं."

त्यानेच चहा मागवला. चहा प्यायलो. त्याला काही कळलेलं नाही.

४ सप्टेंबर

ग्रुपवर एकशे चाळीस टाळ्या. माऊलीने स्वतः कुठेतरी ते पाहिलं आणि 'परवेजभाई शुक्रिया' लिहिलं. माऊलीने. परवेजला माऊली डाव्या हाताने टाकतो की उजव्या हे गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, मीच सांगितलं. जळफळाट म्हणजे काय ते आज कळलं. छातीत खरंच भाजतं.

१२ सप्टेंबर

आज कांद्याच्या बियांचा एक नमुना कोणीतरी उगवण खोलीत उघडा विसरला. मॅडम सगळ्यांना बोलावून कडाडल्या, "या खोलीत हवेत पाणी असतं. उघडं ठेवलं की माल ओलावा धरतो आणि वजन खोटं होतं. वरचा थर सगळ्यात आधी. हे मी पहिल्या दिवशी शिकवते ना? रामप्रसाद, तुम्ही सांगा यांना."

मी सांगितलं. सांगता सांगता मधेच थांबलो. वरचा थर. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ. कागदी पाकिटं.

एकोणीस वर्षं मी हीच एक गोष्ट लोकांना शिकवतो. मी ओलाव्याचं वजन केलं आणि माऊलीला हलका म्हणून उजवीकडे ठेवला. त्याला परवेजच्या पुढ्यात मी ठेवला, माझ्या ह्या हातांनी. आणि याचं रडगाणं मी कोणाकडे गाऊ?

१९ सप्टेंबर

परवेज चाचीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी हैदराबादला नेतोय. तिथे मामा आहेत, पंधरा दिवस लागतील. निघताना प्रयोगशाळेच्या गेटवर आला. खाकी लिफाफा, चारी बाजूंनी चिकटपट्टी, पट्टीवर त्याची आडवी सही.

"ही माझी अमानत हाय. मी येईपर्यंत ठेव. उघडू नको."

"दुसरं कोणी मिळालं न्हाई का?"

"सील सांभाळनारा मानूस माझ्या वळखीत एकच हाय," तो म्हणाला.

रिक्षात चाची बसली होती. तिने बोलावून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "भेंडी देख लेना बेटा. पानी देना." दुकान बंद, घर बंद, किल्ली माझ्याकडे.

लिफाफ्यात माऊली आहे हे सांगायला काटा लागत नाही. मला खिजवायला ठेवलाय त्याने. तुझ्याकडे राहील पण तुझा नाही. इतका दुष्टपणा त्याच्यात असेल असं वाटलं नव्हतं.

२३ सप्टेंबर

तरीही वजन केलं. यावेळी कोरड्या खोलीत. एक कार्ड, वर प्लॅस्टिकचं कव्हर, लिफाफा, चिकटपट्टी, सगळं धरून जितकं यायला हवं त्यापेक्षा जास्त येतंय. आत अजून काहीतरी आहे. पातळ, हलकं. चिठ्ठी असेल. काय लिहिलं असेल? दिवसभर कामात लक्ष नव्हतं. एका चिठ्ठीवर तारीख चुकली, मॅडमनी गुपचूप दुरुस्त केली.

भेंडीला पाणी घातलं. चांगली आलीय.

२५ सप्टेंबर

दैवशाला म्हणाली, "तो लिफाफा उशाला घेऊन का झोपून राह्यलात? परवेजभाऊंचा हाय ना? मंग कपाटात ठेवा." मी तिच्यावर ओरडलो. नंतर माफी मागितली नाही. उद्या मागेन.

२८ सप्टेंबर

आज जालन्यात टेनिस बॉलच्या स्पर्धेचं उद्घाटन होतं आणि पाहुणा माऊली. सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. इतक्या वर्षांनी समोर जाणार होतो. मनात वाक्यं तयार केली होती.

गर्दीत पुढे गेलो. त्याने मला पाहताच गळ्यात हात टाकला. "रामप्रसाददादा! बॉलिंगचा हात कसाय तुमचा? तुमचा तो हळू चेंडू अजून टाकतो मी. लीगमधल्या निम्म्या विकेटी त्याच्यावरच हायेत." मोठी माणसं अशी सगळ्यांशी गोड बोलतात, सवय असते त्यांना. मी काही बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, "आनि परवेजभाई न्हाई आले का? त्यांचा फोन आल्ता मला मागच्या आठवड्यात. तुमच्याबद्दलच—"

पुढचं ऐकलंच नाही. परवेजभाई. माझ्या गावच्या पोराच्या तोंडात परवेजभाई. मी मागे फिरलो, कोणीतरी हाक मारत होतं, थांबलो नाही.

घरी येऊन दार लावून घेतलं आणि लिफाफा फाडला.

आत माऊलीचं कार्ड, सतरा नंबरचं. त्याला टाचणीने लावलेली प्लॅस्टिकची एक पट्टी. बॉक्सवरची. दोन बारीक आडव्या रेघा आणि मधे चारचा आकडा. त्या आकड्याभोवती परवेजने लाल पेनाने गोल केला होता.

चिठ्ठी नव्हती. एक शब्द नव्हता.

दिवसाला दीड-दोनशे पाकिटांवर तो आकडा मी उमटवतो. इतकी वर्षं रोज बघतो म्हणून त्या दिवशी दिसलाच नाही. त्याला पहिल्या मिनिटाला दिसला. आकडा बघूनही म्हणाला, तुला पाहिजेत ती घे. मला चहा पाजला. आणि मग ही वस्तू, माझी चोरी आणि माझं कार्ड एकत्र बांधून, माझ्याच हवाली करून गेला.

कार्ड हातात धरून बसलो. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात होतं आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. दैवशालाने दार वाजवलं. उघडलं. ती माझ्याकडे बघून शेजारी बसली. मी तिला सगळं सांगितलं. काट्यापासून.

ती म्हणाली, "तुम्ही मागितलं असतं तर त्यानं दिलं असतं की हो."

"म्हणून तर मागितलं न्हाई," मी म्हणालो. हे माझ्या तोंडून निघाल्यावर मलाच कळलं.

३० सप्टेंबर

सगळे गेल्यावर यंत्रापुढे उभा राहिलो. तसाच खाकी लिफाफा मिळतो, चिकटपट्टी मिळते, परवेजची सही मला वीस वर्षं पाठ आहे. त्याला कळलं नसतं. हे मी प्रामाणिकपणे लिहितोय, अर्धा तास मी तोच विचार करत होतो.

मग वाटलं, या बाबतीत तरी आपल्याला एक पद्धत ठाऊक आहे. नमुना उघडला की काय करायचं असतं?

कार्ड आणि ती पट्टी बियांच्या मोठ्या पाकिटात घातली. यंत्रावर सील केलं. दोन रेघा, मधे चार. या वेळी आकडा नीट उमटलाय का ते उजेडात धरून बघितलं. फाडलेला लिफाफा सोबत ठेवला. प्रयोगशाळेच्या चिठ्ठ्या घेणं बरोबर नाही, म्हणून साध्या कागदावर रकाने आखले आणि भरले.

नमुना: क्रिकेट कार्डांचा बॉक्स, पाकिटं चोवीस. उघडणारा: रामप्रसाद. तारीख: ३० ऑगस्ट.

नमुना: परवेजची अमानत. उघडणारा: रामप्रसाद. तारीख: २८ सप्टेंबर.

पुन्हा सील: यंत्र क्रमांक चार.

कारणाच्या रकान्यात एरवी मी डोळे मिटून 'उगवण तपासणी' लिहितो. आज पेन थांबलं. 'चूक झाली' लिहावं असं वाटलं, पण चूक ओलाव्याची होती, बाकी सगळं मी ठरवून केलं. शेवटी दोन्ही ओळींत एकच शब्द लिहिला: हेवा.

रकाना कोरा ठेवला नाही.

५ ऑक्टोबर

परवेज काल आला. चाचीचं ऑपरेशन चांगलं झालं, काळा चष्मा लावून गच्चीवर भेंडी मोजत होती. मी दुकानात गेलो, पाकीट आणि कागद त्याच्यापुढे ठेवला आणि उभाच राहिलो. बस म्हणाला तरी बसलो नाही.

त्याने कागद वाचला. गिऱ्हाईक आलं, त्याला खोडरबर दिलं, सुटे पैसे दिले, परत येऊन पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"किती दिवस दम धरला?" त्याने विचारलं.

"नऊ."

"अम्मी म्हनली, दोन दिवसांत फोडंल. मी म्हनलो, फोडनारच न्हाई." त्याने कपाळ चोळलं. "दोघंबी हरलो."

हे बोलणं मला त्याने थोबाडीत मारली असती त्यापेक्षा जास्त लागलं. मी म्हणालो, "परवेज, मी तुझ्यावर जळतो. आज न्हाई, लई वर्षांपासून. तुला निघतं म्हणून."

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "मी बी जळतो. माऊलीला फोन केल्ता, म्हनलं माझ्या दोस्ताला कार्ड देनार हाय, तू आपल्या हातानं दे त्याला. तर तो पंधरा मिनिटं नुसता तुझ्या बॉलिंगचंच बोलत राह्यला. माझ्याबद्दल असं बोलनारं कोन हाय? बॉक्स फोडल्यावर टाळ्या मारतेत, तेवढंच."

मी पाकिटाकडे बोट केलं. "उघडून बघ तरी. कार्ड हाय का न्हाई."

"कशाला? आत काय हाय ते तुलाबी माहीत, मलाबी."

पाकीट उचलून त्याने कडेवरून अंगठा फिरवला, चारच्या आकड्यावर थांबवला. मग ते ड्रॉवरमध्ये ठेवलं, न उघडता. मला देतो म्हणाला नाही, मीही मागितलं नाही. कदाचित एखाद्या दिवशी मागेन. मागायला शिकावं लागेल.

कागदावर शेवटी 'मिळाले' असा रकाना मी सवयीने आखला होता. त्याने कानावरचं पेन काढून तिथे सही केली, तारीख घातली आणि खाली दोन शब्द लिहिले: सील बराबर.

घरी येताना मला त्याचा पुन्हा हेवा वाटला. त्याच्या जागी मी असतो तर ते दोन शब्द लिहिले नसते.